दिव्याच्या पोटातले पाणी: घोटी-अंबड रस्त्यावरील एका एलईडी हेडलाइटचे प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या पाळीची सुट्टी झाल्यावर, घोटीहून रोज नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कामाला येणारा एक तरुण पाथर्डी फाट्याजवळच्या माझ्या दुकानात आला. मी दुचाकीचे फक्त इलेक्ट्रिकचे काम करतो, त्यामुळे इतर गॅरेजांतून फिरून आलेल्या गाड्याच माझ्याकडे जास्त येतात, आणि हीही तशीच होती. गाडी तीन वर्षांची, हेडलाइट कारखान्यातूनच बसवून आलेला एलईडीचा. काचेच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर पांढरट धुके होते, त्याखाली मोहरीएवढे थेंब ओळीने लटकले होते, आणि गाडी साइड स्टँडवर कलती केली की डाव्या कोपऱ्यात पाण्याची एक बारीक रेघ सरकताना स्पष्ट दिसत होती.

तक्रार नवी नव्हती. मागच्या पावसाळ्यातही काचेवर धुके येत असे, पण वाटेतले वाडीवऱ्हे गाव मागे पडेपर्यंत ते निघून जाई. सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला सांगण्यात आले होते की पावसाळ्यात एवढे चालायचेच. या वर्षी जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर त्याने एका गॅरेजमध्ये हेडलाइट ‘पॅक’ करून घेतला, म्हणजे काच आणि मागचे प्लॅस्टिकचे कवच जिथे जुळतात त्या पूर्ण फटीवर आणि मागच्या बाजूस दिसेल त्या प्रत्येक तोंडावर पारदर्शक सिलिकॉन भरून घेतले. त्यानंतर धुके कमी होण्याऐवजी थेंब दिसू लागले. “काका, सगळीकडून पॅक केलंय, मग पाणी जातंय कुठून?” हा त्याचा प्रश्न होता, आणि या प्रकरणाचे सगळे मर्म त्या प्रश्नातच दडलेले होते, हे मला दोन दिवसांनी कळले.

नवा हेडलाइट पूर्ण घ्यायचा तर पार्टच्या दुकानात साडेसात हजारांच्या पुढे भाव सांगत होते. त्यामुळे दिवा वाचवता येतो का, एवढे पाहण्यासाठी त्याने दोन दिवस गाडी माझ्याकडे सोडली.

धुके आणि पाणी यांतला फरक

ग्राहकाला हेडलाइटमधले धुके आणि हेडलाइटमधले पाणी एकच वाटते. दुरुस्ती करणाऱ्याने मात्र हे दोन निराळे आजार मानून तपासले पाहिजेत, कारण पहिल्यावर बहुधा काहीच करायचे नसते आणि दुसऱ्यावर हातावर हात ठेवून चालत नाही.

धुक्याचे कारण साधे आहे. दिव्यातली हवा बाहेरच्या हवेइतकीच दमट असते आणि काच तिच्यापेक्षा थंड झाली की त्या हवेतली वाफ काचेच्या आतल्या अंगाला दव होऊन बसते. नाशिकात जुलैच्या ढगाळ दिवशी हवा 24 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 90 टक्के धरली, तर काच साधारण 22 अंशांवर आली की दव धरायला सुरुवात होते. पावसाच्या धारेखाली चालणाऱ्या गाडीची काच दोन अंशांनी थंड होणे म्हणजे काहीच नाही.

जुन्या हॅलोजन दिव्यांत हे लवकर निवळत असे, आणि त्याचे श्रेय दिव्याच्या बनावटीपेक्षा त्याच्या उधळेपणाला द्यावे लागेल. मोटारसायकलींत सर्रास असणारा 35/35 वॅटचा हॅलोजन बल्ब घेतलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत घालवतो, आणि त्यातली बरीचशी उष्णता किरणांच्या रूपाने प्रकाशाबरोबर पुढे जाऊन काच शेकते. एलईडीचा प्रकाश पुढे जातो तो जवळजवळ थंडच. तिची उष्णता चिपच्या पाठीमागून ॲल्युमिनियमच्या हीट सिंकमध्ये, म्हणजे उष्णता शोषून बाहेर सोडणाऱ्या ठोकळ्यात, उतरते. म्हणजे दिव्याची पाठ गरम आणि काच गार, ही दव धरण्यासाठी अगदी सोयीची मांडणी झाली. म्हणून एलईडीच्या काचेवर धुके जास्त दिसते आणि जास्त वेळ टिकते, आणि त्यात सदोष असे काही नसते. सर्व्हिस सेंटरने मागच्या वर्षी दिलेले उत्तर त्या वेळेपुरते बरोबर होते.

या वर्षीच्या थेंबांना मात्र ते उत्तर लागू पडत नव्हते, आणि ते ठरवायला यंत्राची गरज नाही, थोडे गणित पुरते. या हेडलाइटच्या पोटात दोन लिटरच्या आसपास हवा मावत असावी. 24 अंशांच्या, 90 टक्के दमट अशा दोन लिटर हवेत सगळी मिळून सुमारे 40 मिलिग्रॅम वाफ असते. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण 50 मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे दिव्यातली सगळी वाफ पिळून काढली तरी त्यातून एक पूर्ण थेंब तयार होणार नाही. मी मागचे रबरी बूट, म्हणजे दिव्याच्या पाठीवरचे झाकण, काढून, सिरिंजच्या तोंडाला बारीक नळी लावून डाव्या कोपऱ्यातले पाणी ओढून घेतले, तेव्हा ते साडेतीन मिलिलिटर भरले.

दिवा रोज तापतो आणि निवतो, प्रत्येक वेळी थोडी नवी दमट हवा आत घेतो, मग हळूहळू एवढे साठणार नाही का, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. आतली हवा 50 अंशांपर्यंत तापून 25 अंशांवर आली तर ती 7 ते 8 टक्के आकसते, म्हणजे दोन लिटरमागे सुमारे 160 मिलिलिटर बाहेरची हवा आत येते. तिच्यात तीन मिलिग्रॅमच्या आसपास वाफ असते. ती सगळीच्या सगळी आत अडकून राहिली असे धरले तरी साडेतीन मिलिलिटर साठायला हजारापेक्षा जास्त वेळा तापणे-निवणे व्हावे लागेल. पॅकिंग करून तर जेमतेम महिना झाला होता. दुसरी शंका प्लॅस्टिकची. आपण जिला काच म्हणतो ती पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्या अंगात वजनाच्या दीड-दोन दशांश टक्क्यांपर्यंत ओल मुरते. 200 ग्रॅमच्या काचेत ती 300 ते 400 मिलिग्रॅम झाली. हवेतल्या वाफेपेक्षा ही कितीतरी जास्त आहे, आणि कोरडा वाटणारा दिवा पहिल्याच उन्हात आतून धुकटतो तो बऱ्याचदा यामुळेच. पण साडेतीन मिलिलिटरचा हिशोब तिनेही लागत नाही. हे पाणी बाहेरून, पाणी म्हणूनच आत आले होते.

गळती शोधताना

हेडलाइट काढून टेबलावर घेतल्यावर प्रथम दिसली ती सिलिकॉनची करामत. बहुतेक हेडलाइटला श्वास घेण्यासाठी ब्रीदर ठेवलेले असतात. या दिव्याला दोन होते: वरच्या बाजूला खाली तोंड केलेली रबराची वाकडी नळी, आणि खालच्या बाजूला काळे टोपण, ज्यात सूक्ष्म छिद्रांचा पांढरा पातळ पडदा असतो. त्या पडद्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. एक ब्रीदर वर आणि एक खाली ठेवण्यामागचा हेतू असा, की गरम हवा वरून निघावी, खालून कोरडी यावी आणि आतली ओल वाहून जावी. गॅरेजवाल्याने दोन्ही तोंडे भोक समजून बुजवली होती. त्याचा हेतू चांगला होता. ही चूक मीसुद्धा पूर्वी एकदा केलेली आहे.

त्याने वापरलेले सिलिकॉन आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचे होते. बाथरूमच्या फरशीसाठी मिळणारे ते स्वस्त सिलिकॉन घट्ट होताना ॲसिटिक ॲसिड सोडते. बंद दिव्यात ती वाफ रिफ्लेक्टरवरच्या ॲल्युमिनियमच्या अतिपातळ थरावर बसते. इथे रिफ्लेक्टरच्या कडेला बोटभर लांबीचा पांढुरका पट्टा आलेला होताच. सिलिकॉन वापरायचेच असेल तर न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले घ्यावे, आणि तेही दिवा उघडा ठेवून पूर्ण वाळू द्यावे.

ब्रीदर बंद होते हे समजले, पण पाणी कुठून आले हे त्याने समजत नव्हते, उलट कोडे वाढत होते. सगळी तोंडे बंद असतील तर पाणी आत कसे येणार? जोडाची फट मूळची कारखान्यातल्या सीलंटने घट्ट होती. काचेला तडा नव्हता. मी रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि तबकडी ठेवली आहे, ती अशा कामाला फार चांगली. वरच्या ब्रीदरमधले सिलिकॉन कोरून काढून तिथे नळी जोडली आणि 30 मिलिमीटरपर्यंत दाब भरला. यापेक्षा जास्त भरू नये, कारण काचेचा जोड उसवू शकतो. काटा सावकाश खाली येत होता, म्हणजे गळती होती, पण मोठी नव्हती. जोडावर सगळीकडे साबणाचे पाणी लावले. पडद्याच्या टोपणावर मात्र साबण लागू देऊ नये, साबणाने त्या पडद्याचे पाणी अडवण्याचे बळ जाते. वॉशिंग सेंटरचा फेसही त्याला असाच बाधतो. फटीवर बुडबुडा नाही. वायर जिथून आत जाते त्या ग्रोमेटवर बुडबुडा नाही. काटा मात्र उतरतोच आहे.

शेवटी, निव्वळ वैतागून, मी पूर्ण दिवा बादलीत बुडवला. दिव्यातून काहीच आले नाही. पण बादलीच्या दुसऱ्या कडेला, दिव्यापासून वीतभर लांब, वायरीच्या शेपटाला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती आणि तिच्या टोकाखालून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती. एकामागून एक, टाचणीच्या डोक्याएवढे, अगदी नियमित. हवा दिव्यातून वायरीच्या रबरी आवरणाच्या आतून, तांब्याच्या तारांच्या मधून, वीतभर प्रवास करून तिथे निघत होती. जिथून हवा बाहेर येते तिथून पाणी आत जाते, आणि ते तसेच गेले होते.

ती टेप सोडली तेव्हा खाली पिळून केलेला उघडा जोड निघाला. घोटी-इगतपुरीच्या धुक्यासाठी या तरुणाने दोन वर्षांपूर्वी जादा फॉग लाइट बसवून घेतले होते, आणि बसवणाऱ्याने त्यांची वीज थेट हेडलाइटच्या वायरीचे आवरण सोलून, तिथे दुसरी वायर पिळून, वरून टेप लावून घेतली होती. टेपचा डिंक उन्हात वितळून निघून गेला होता. तांब्याला हिरवा गंज चढला होता, आणि तो गंज जोडावरच थांबलेला नव्हता; बोटाच्या एका पेराएवढी वायर सोलली तरी हिरवा, आणखी सोलली तरी हिरवा. दिव्याच्या आत, एलईडीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डला वायर जिथे जोडली जाते त्या कपलरपाशी, त्याच वायरीच्या टोकाखाली हिरवट ओघळ होता. पाण्याची वाट त्याने स्वतःच रंगवून ठेवली होती.

पॅकिंगने काय केले

आता क्रम लागला. मागच्या वर्षी हा जोड होताच, पण ब्रीदर उघडे होते. संध्याकाळी गाडी बंद झाली, दिवा निवला, आतली हवा आकसली की ती ब्रीदरमधून सहज बाहेरची हवा घेई; वायरीतल्या अरुंद फटीतून काही ओढण्याची तिला गरज नव्हती. केशाकर्षणाने थोडेफार पाणी चढत असेल तर तेही ब्रीदरमधून वाळून जाई. म्हणून नुसते धुके.

जूनमध्ये दोन्ही ब्रीदर बुजवले गेले आणि दिवा निवताना आत ओढ तयार होऊ लागली. पूर्ण बंद डब्यातली हवा 50 वरून 25 अंशांवर आली तर आतला दाब 7 ते 8 टक्क्यांनी घसरतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा थोडा कमी असतो, तरीही ही घसरण पाऊण मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढी होते. लस्सीच्या ग्लासात नळी घालून आपण जेवढे ओढतो तेवढे बळ तिच्यात असते. आणि नळी तयारच होती: वायर. तिचे एक टोक दिव्यात, दुसरे पावसात भिजलेल्या टेपखाली. दिव्याने नाक बंद झाल्यावर तोंडाने, म्हणजे वायरीने, श्वास घेतला आणि प्रत्येक श्वासाला थोडे पाणी प्यायले. आत आलेले पाणी दुसऱ्या दिवशी तापून वाफ होई, पण बाहेर जायला वाट नसल्याने तिथेच पुन्हा थेंब होऊन बसे.

यात आणखी एक गोष्ट जुळून आली होती. 1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप पेटतो, त्याला बंद करण्याचे बटण नाही. त्यामुळे वॉशिंग सेंटरवर गाडी पोहोचते तेव्हा दिवा नेहमी तापलेलाच असतो. हा तरुण दर रविवारी गाडी प्रेशरने धुवून घेत असे, आणि गार पाण्याचा फवारा तापल्या दिव्यावर पडला की ती ओढ काही सेकंदांत तयार होते, तीही नेमकी सगळे वायरिंग पाण्यात न्हाऊन निघत असताना. पाऊस जे दिवसभरात करतो ते हा फवारा पाच मिनिटांत करतो.

दुरुस्ती

काच उघडण्याचा मोह मी टाळला. भट्टीत किंवा हॉट गनने सीलंट मऊ करून काच वेगळी करण्याचे काम अनेक जण करतात, पण मूळचा जोड चांगला असताना तो मोडणे म्हणजे दुखणे नसलेला दात उपटणे. त्याऐवजी लाकडी काडीने आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने सिलिकॉन खरवडून काढले. पेट्रोल किंवा थिनर लावले असते तर काम दहा मिनिटांत झाले असते, पण पॉलिकार्बोनेटवर त्याने केसासारख्या भेगा पडतात. मला पूर्ण दुपार लागली.

पडद्याचे खालचे टोपण सिलिकॉनने निकामी झाले होते आणि ते सुटे मिळेना. त्याच मॉडेलचा फुटलेला हेडलाइट भंगारवाल्याकडे मिळाला, त्याचे टोपण काढून बसवले. वरची रबरी नळी धुऊन, तिचे तोंड खालीच राहील अशी परत लावली.

वायरीचा हिरवा झालेला पूर्ण तुकडा कापला. नव्या तुकड्याच्या जोडावर तारा मोकळ्या करून त्यांत सोल्डर पूर्ण आतपर्यंत मुरू दिले, जेणेकरून वायरीचे पोटच बुजेल आणि वरचे आवरण फाटले तरी पाणी पुढे जाऊ शकणार नाही. त्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळून बसणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. सोल्डर केलेली वायर कडक होते आणि कंपनाने जोडाशेजारी तुटू शकते, म्हणून ती दोन ठिकाणी टायने बांधली. दिव्यात शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे वरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल. फॉग लाइटची वीज हेडलाइटपासून तोडून बॅटरीवरून वेगळ्या फ्यूज आणि रिलेमार्फत दिली. हे खरे तर दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते, आणि पाण्याचा प्रश्न नसता तरी व्हायला हवे होते, कारण हेडलाइटची वायर एवढा भार उचलायला बनवलेली नसते.

वाळवण्यासाठी दिवा, मागचे बूट उघडे ठेवून, मोठ्या हवाबंद डब्यात अर्धा किलो सिलिका जेलबरोबर 36 तास ठेवला. गाडीमालकाच्या मित्राने तांदळाच्या डब्यात ठेवायला सुचवले होते; तांदूळ ओल फार कमी शोषतो आणि त्याचा भुगा रिफ्लेक्टरवर बसतो तो वेगळाच. सिलिका जेलची पुडी दिव्यातच टाकून द्यावी असेही कोणी सुचवते. ती पुडी काही दिवसांत भरून जाते, आणि मग दिवा तापला की शोषलेली ओल परत सोडते, म्हणून मी ती कधी ठेवत नाही.

पुढचा माग

जोडणीनंतर दाबाची चाचणी पुन्हा घेतली, या वेळी दोन्ही ब्रीदरना तात्पुरती बुचे लावून. काटा पाच मिनिटे हलला नाही. मग बुचे काढली, दिवा गाडीवर चढवला, अर्धा तास पेटता ठेवला आणि बागेच्या पाइपाने वरून पाणी सोडले. आत काही आले नाही. सगळा खर्च भंगारातल्या टोपणासकट अकराशे रुपयांच्या आत बसला.

गाडीमालकाला एकच काम दिले: रोज सकाळी घोटीहून निघताना काचेवर धुके आहे का आणि ते कुठपर्यंत गाडी आल्यावर जाते, हे फोनवर लिहून ठेवायचे. त्याने तीन आठवडे लिहिले. पहिले चार दिवस धुके वाडीवऱ्ह्याच्याही पुढच्या विल्होळीपर्यंत राहत होते, कारण प्लॅस्टिकमध्ये मुरलेली ओल निघत होती. नंतर ते वाडीवऱ्ह्याच्या आसपास जाऊ लागले. संततधारेच्या दोन दिवशी ते अंबडपर्यंत टिकले, थेंब मात्र एकही नव्हता. त्या दोन दिवशी त्याचा फोन आला, “काका, परत आलं बघा.” त्याला काहीही करू नको म्हणून सांगितले. एवढे सांगणे दुरुस्तीपेक्षा अवघड गेले, कारण आपल्या हातचे पैसे देऊन केलेल्या कामानंतर काचेवर धुके दिसले की माणसाचा जीव पुन्हा सिलिकॉनकडे धावतो.

डिसेंबरात तो फॉग लाइटचा बल्ब बदलायला आला. रात्री आभाळ निरभ्र असते, उघड्यावर लावलेल्या गाडीची काच आभाळाकडे उष्णता सोडून सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, सीटवर दव पडते ते याचमुळे. त्यामुळे पहाटे काचेच्या वरच्या भागावर पातळ धुके असते आणि निघाल्यावर दहा-बारा मिनिटांत जाते, असे त्याने स्वतःहून सांगितले. मी बूट उघडून सिरिंजची नळी डाव्या कोपऱ्यात फिरवली. ती कोरडी निघाली. रिफ्लेक्टरच्या कडेचा पांढुरका पट्टा तेवढा तसाच आहे.